क्रेनचा म्हातारा कुत्रा

हा माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. टोळीतली पोरं त्याला क्रेन म्हणतात, आणि ते नाव मीच पाडलंय, कारण त्याला घडवलाय मी. घरसामान हलवायचा आमचा धंदा. टेम्पो माझा, टोळी माझी. शिक्षण सातवी, पण आमच्या हातनं काचेचा एक पेला फुटला असं सांगणारा माणूस समोर आणा, मिशी उतरवून देईन. दोन दारांचा फ्रीज पाठीला पट्ट्यानं बांधून हा पठ्ठ्या जिने चढतो, आणि वर गेल्यावर विचारतो, "कुठं ठेवू?" दिवसभरात तेवढंच बोलतो. त्याच्या वाटणीचं बोलणं पण देवानं मला दिलं, असं माझी बायको म्हणते. म्हणू दे.

पुढचं सांगायला बसलो की अजून माझं डोकं तापतं.

एका साहेबाचं घर हलवत होतो. सगळं चढवलं, दोर आवळले, आणि साहेब गॅलरीकडे बोट करून म्हणाला, "तेवढं राहिलंय."

बघतो तर कुत्रा. म्हातारा. तोंड पांढरं, एका डोळ्यात मोतीबिंदू, मागचे पाय नावाला. आम्हाला बघून शेपटी मात्र हलवली.

"नव्या बिल्डिंगमध्ये कुत्री चालत नाहीत," साहेब म्हणाला. "वाटेत तो प्राण्यांचा आश्रम लागतो ना, तिथं सोडा." फाटकी गादी टाकून द्या म्हणावं, त्या आवाजात.

कामाच्या दिवशी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही, हा माझा नियम. सोडलं. क्रेननंच त्याला उचलून आत नेलं. आश्रमातल्या बाईंनी विचारलं, "तुमचाच का?" यानं मान हलवली. हो म्हणून.

आता यात कुणी खोट काढू नये. टेम्पोत चढलेलं सामान उतरेपर्यंत आपलं, हे मी त्याच्या डोक्यात कोरलंय. रस्त्यात पोलिसानं विचारलं, कपाट कुणाचं, तर आमचं म्हणायचं. 'साहेबांचं आहे हो' म्हणून रडत बसायचं नाही. तो शिकवल्याप्रमाणे वागला.

नंतर काही दिवस हा जेवायला बसला की पोळी हातात धरून नुसता बसायचा. एकदा म्हणाला, "दादा, त्याला मी आणतो."

"कुणाला?"

"त्या म्हाताऱ्याला."

मी म्हणालो, अरे कुत्रा पाळायचा तर पिल्लू आण, घर राखील. याचे चार दिवस राहिलेत. तर म्हणतो, "म्हणूनच." आतून बायको म्हणाली, "आणा हो भावजी. घरात एक म्हातारा भुंकतोच आहे, त्याला सोबत होईल."

दोघं गेलो आश्रमात. पत्र्याची शेड, ओल्या फरशीला फिनेलचा वास, सगळीकडून भुंकाभुंकी. पिल्लांच्या जाळीपुढे ही गर्दी. आपला म्हातारा शेवटच्या पिंजऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. ताटलीतलं तसंच पडलेलं.

बाईंनी क्रेनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच ना सोडून गेला होतात?"

"हो."

"मग नाही मिळणार. सोडणाऱ्याला आम्ही परत देत नाही. आज माया आली म्हणून न्याल, उद्या पुन्हा टाकाल. त्याला काय वाटतं, कधी विचार केलाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ओ बाई, कुणाला बोलताय? हा टाकणारा? याच्या जिवावर लोकांचे संसार घरपोच जातात!"

"आवाज खाली करा, कुत्री घाबरतात."

"कुत्र्यांचं राहू द्या, माझा भाऊ इथं..."

"दादा," क्रेन म्हणाला. कान लाल झालेले. वर बघत नव्हता. एवढा धिप्पाड गडी, आणि चोरी पकडल्यासारखा उभा. ते मला बघवेना.

कुत्रा साहेबाचा, त्यानंच टाकायला लावला, हे मी सांगितलं ते बाईंनी ऐकून घेतलं सगळं, तसं खोटं कशाला बोलू. मग म्हणाल्या, "ठीक आहे, मालक दुसरा असेल तर त्याला आणा. त्यानं माझ्यासमोर सांगावं. नाहीतर मी कुणाच्या भरवशावर देऊ?"

बरोबरच होतं त्यांचं. पण रागात माणसाला बरोबर ऐकू येत नाही.

साहेबाच्या नव्या घराची बेल मीच दाबली. तिथलं कपाटसुद्धा आम्हीच लावलेलं. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं, साहेबाची आई. सामान हलवलं त्याच्या आदल्या दिवशीच तिला पाहुण्यांकडे नेऊन ठेवलं होतं, म्हणून आमची गाठ पडली नव्हती. मी टोळीचं नाव सांगताच तिचा चेहरा फिरला.

"म्हणजे तुम्हीच का ते हमाल? दार उघडं टाकलंत ना? पळाला ना माझा बाळ्या तुमच्या हलगर्जीपणानं? आंधळा झालाय हो तो अर्धा. गाडीखाली तरी..."

हलगर्जीपणा, आणि कुणाला सांगते? मला! आमच्या हातनं चमचा हरवला नाही कधी, आणि अख्खा कुत्रा हरवला म्हणे!

आतून साहेब पळत आला. "आई, तू आत जा. हे बघा, जरा हळू बोला, शेजारी..."

"हळू?" मी म्हणालो. "जिन्यात उभा राहून ओरडीन. बोल, दार कुणी उघडं टाकलं? कुत्रा वाटेत सोडा असं कुणाच्या तोंडून आलं? आईच्या पायावर हात ठेव आणि सांग!"

साहेब बघतो फरशीकडे. आई बघते साहेबाकडे. आणि क्रेन, जो कधी बोलत नाही, तो बोलला. "आजी, पळाला नाही तो. आश्रमात आहे. जेवत नाहीये. मला सांभाळायचाय, पण ते देत नाहीत."

आजींनी मुलाला एक शब्द विचारला नाही. चपला घातल्या, भिंतीला धरून बाहेर आल्या. साहेब म्हणाला, "मी गाडी काढतो." तर म्हणाल्या, "तुझी गाडी नको." टेम्पोत पुढे बसल्या, माझ्याशेजारी.

आश्रमात त्या पिंजऱ्याशी खाली बसल्या. "बाळ्या," म्हणाल्या. कुत्रा उठायची धडपड करायला लागला, मागचे पाय घसरतायत, नखं फरशीवर खरखरतायत. मी माणूस कडक आहे, पण मला बाहेर जाऊन टायर तपासावे लागले.

परत आलो तेव्हा आजी बाईंना सांगत होत्या, "आमचाच हा. माझ्या मुलानं टाकला. त्या घरात माझं चालत नाही, नाहीतर मीच नेला असता. या पोराला द्या." आणि बाई क्रेनला म्हणाल्या, "चुकलं माझं." मी म्हणालो, "मोठ्यानं म्हणा!" क्रेननं मला कोपरानं ढोसलं.

संध्याकाळी आजींना घरी सोडलं आणि बाळ्याला क्रेननं दोन्ही हातांवर घेऊन आमचे तीन जिने वर चढवलं. माझ्या बायकोनं दुधात पोळी कुस्करून दिली. त्यानं सगळी खाल्ली आणि क्रेनच्या अंथरुणावर पसरला. क्रेन फरशीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. साहेब. हातात नवा कोरा पट्टा.

"आई कालपासून जेवली नाही," म्हणाला. "माझ्याशी बोलत नाही. मी बिल्डिंगमध्ये विचारलं. चालतात म्हणे कुत्री."

"आज विचारलंस?" मी म्हणालो. "टाकायच्या आधी विचारलं नव्हतंस?"

तो पट्ट्याशी चाळा करायला लागला. म्हणजे नव्हतंच विचारलं! मी त्याची गचांडीच धरणार होतो, तेवढ्यात आतून नखांचा आवाज आला. बाळ्या. फरफटत दारापर्यंत आला, साहेबाच्या बुटांना नाक लावलं आणि शेपटी हलवायला लागला. अशी, की सगळं अंग हलत होतं. ज्यानं टाकलं त्यालाच! त्या वेळी मला साहेबापेक्षा कुत्र्याचा जास्त राग आला.

साहेबानं पट्टा अडकवला. क्रेन बघत राहिला, अडवलं नाही. जिन्याच्या तोंडाशी गेल्यावर बाळ्या थांबला. पुढचा पाय खाली टाकला, मागचे लटपटले, बसकण मारली. साहेबानं ओढलं. उचलायला गेला तर धड धरता येईना, कुत्रा कळवळला. मग घाम पुसत, आमच्याकडे वळून, त्याच गॅलरीतल्या आवाजात म्हणाला, "जरा खाली गाडीपर्यंत उतरवून द्या ना. तुमचं कामच आहे."

क्रेन पुढे गेला. वाकून पट्टा काढला, नीट गुंडाळला, साहेबाच्या हातात दिला.

"हे आम्ही उतरवत नाही," म्हणाला. "आजींना कधीही पाठवा. त्यांना मी उचलून वर आणीन."

साहेबानं पट्टा खिशात कोंबला आणि एकटाच उतरला. बाळ्या कठड्यातनं खाली बघत शेपटी हलवत होता, शेवटचं पाऊल वाजेपर्यंत. मी म्हणालो, "अक्कल नाही याला! कुणासाठी हलवतोय?"

"हलवू दे, दादा," क्रेन म्हणाला. "त्याच्या वाटणीचा राग तू धरलायस ना."