कानाने तपासणारे काका

कॉम्प्युटरच्या पडद्याकडे काका ढुंकूनही बघत नसत. मान खाली, समोर छापील कागद, हातात लाल पेन्सिल आणि मला हुकूम, "वाच अम्मा, सावकाश." पोरीबाळींना ते अम्माच म्हणत. मी पडद्यावरचं मोठ्यानं वाचायचं, त्यांनी कागदाशी जुळवायचं. ओळ जुळली की म्हणायचे, "पुढं." ते "पुढं" ऐकायला मी आज काय वाटेल ते देईन.

काकांनी तीस वर्षं अफझलगंजच्या एका छापखान्यात प्रूफं तपासली होती. तिथं हे काम असंच जोडीनं चाले. मग गल्लोगल्ली कॉम्प्युटर आले, छापखाना बंद पडला आणि दोन वर्षं घरी बसून कंटाळलेले काका त्याच कॉम्प्युटरच्या दारात नोकरी मागायला आले. आमची सिकंदराबादची प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालकांनी त्यांना तपासनीस म्हणून घेतलं आणि शेजारी बसवलं मला, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यात नव्या आणि सगळ्यात शहाण्या मुलीला.

"डोळा शिकलेला असतो," काका म्हणत. "चूक दिसली तरी आपल्या मनानं दुरुस्त करून वाचतो. कान अडाणी हाय, तोच बरा." मला या वाचनाची भारी लाज वाटे. आमच्या नोंदी एक्सएमएल फायलीत साठवल्या जात. तिच्यात प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर कोनी कंस असत, तेही मला वाचावे लागत. "कोन उघडा, पेशंट, कोन बंद." पोरं हसायची, "काका, पोथी लावली काय?" काका म्हणायचे, "हौ, तुम्हीपण बसा, प्रसाद हाय." आणि खिशातून उस्मानिया बिस्किटांचा पुडा काढायचे.

कोठी भागातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यासाठी आम्ही प्रोग्रॅम करत होतो. त्यात आई आणि बाळ या दोन नोंदी, पण दोघांचा पत्ता एकच. आईचा बदलला की बाळाचा आपोआप बदले. फायलीत साठवताना मात्र माझा कोड तोच पत्ता दोनदा लिही, एकदा आईखाली, एकदा बाळाखाली. फाईल पुन्हा उघडली की पत्ते दोन झालेले, एकमेकांशी काही संबंध नसलेले. लिहिताना मला शंका आली होती. पण काकांचं वाचन जुळलं की झालं, असं म्हणून मी गप्प राहिले. वाचन जुळलंच. जुळणार नाही तर काय? कागदावर आणि पडद्यावर अक्षर न अक्षर तेच होतं. काकांनी कागदाखाली "तपासले" लिहून सही केली.

तीन महिन्यांनी दवाखान्याचा फोन आला. घर बदललेल्या आयांचे पत्ते त्यांनी नीट बदलून घेतले होते, तरी बाळांच्या लशीची कार्डं जुन्याच घरी जात होती. कितीतरी बाळांचे डोस चुकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्यानं हे तपासलं तो माणूस तिथं राहणार असेल तर आम्हाला तुमचा प्रोग्रॅम नको.

चूक मला तासाभरात सापडली. काकांना मी कागदावर चौकोन काढून दाखवले, आधी आई-बाळाचा मिळून एक, मग दोघांचे दोन. त्यांनी एकेका चौकोनावरून लाल पेन्सिल फिरवली. "हर्फ समदे बराबर, एक अक्षर इकडचं तिकडं नाही," ते म्हणाले, "पण एकाचे दोन झाले. हे कानाला कसं कळावं गं?" मग चष्मा पुसून ते मालकांकडे निघाले. मीही मागोमाग गेले.

"साहेब, वाचताना माझं ध्यान सुटलं," काका म्हणाले. "पोरीचं काम बराबर होतं."

मी शेजारीच उभी होते. मालक म्हणाले, वय झालं की असं होतंच, आणि महिन्याअखेरपर्यंतही थांबायला नको म्हणाले.

आज माझ्या हाताखाली पुष्कळ माणसं आहेत. तपासणी यंत्रं करतात, मिनिटात. तरी नवीन काही लिहिलं की मी एकटीच मोठ्यानं वाचते आणि ओळ संपल्यावर उगाच थांबते. शेजारच्या खुर्चीत काका असावेत असं फार वाटतं. मुलीकडे नांदेडला गेले, तिथंच वारले, असं पुढे कळलं.

मालकांनी काढलं त्या दिवशी जिन्यात मी त्यांना गाठलं. "काका, असं का सांगितलंत?"

"मला काय, लेक बोलवतेच हाय," ते म्हणाले. "तुझी पहिली नोकरी हाय. जा, काम कर."

ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. मी वर आले. मालकांच्या खोलीचं दार उघडंच होतं, आणि ते एकटे बसले होते. मी त्या दारावरून माझ्या जागेवर गेले आणि कोड दुरुस्त केला. दहा ओळींचं काम होतं.