सात दशांश मिलिमीटर

डोळ्याची लांबी मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. मोतीबिंदू काढल्यावर आत कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं, ते या लांबीवर ठरतं. धुळ्याला आमच्या दवाखान्यात त्यासाठी दोन यंत्रं आहेत. एक प्रकाशाने मोजतं, डोळ्याला शिवतही नाही. दुसरं ध्वनिलहरींचं, त्याची पेनासारखी कांडी बुबुळाला हलकेच टेकवावी लागते. मी जळगावला शिकले ती पहिल्यावर, त्यामुळे दुसऱ्याला मनातून जुनाटच म्हणायची.

पण प्रकाशाला आत शिरायला जागा हवी, आणि आमच्या खान्देशात मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. केळी आम्ही हिरवीगार कापतो, मोतीबिंदू मात्र पिकू देतो. साक्रीकडचे एक आबा असेच आले, दोन्ही डोळे पांढरे करून. शेळ्या राखायचे. समोरच्या टेकडीवरची शेळी कोणती ते लांबून ओळखता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

प्रकाशाच्या यंत्राने आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दाखवल्या. मी कांडी हातात घेतली. डोळ्यावर ठेवायची छोटी वाटी कपाटात होती. तिच्यात पाणी भरून त्यातून मोजलं की डोळा दाबला जात नाही. पण पाणी गालावरून ओघळतं, पुसत बसावं लागतं, म्हणून मी ती काढत नसे. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा जवळपास तोच आकडा. हात बसला म्हणायचा, म्हणून मी माझ्यावरच खूश.

एका डोळ्याच्या ऑपरेशननंतर महिन्याने आबा परत आले. म्हणाले, “जवळनं बठ्ठं दिसस. टेकडीवरनी बकरी मातर समजत नही.”

आता डोळा स्वच्छ होता, म्हणून प्रकाशाच्या यंत्राने मोजलं. लांबी माझ्या आकड्यापेक्षा सात दशांश मिलिमीटरने जास्त निघाली. मी दहाही वेळा सारखाच दाब दिला होता. डोळा दबून आखूड भरला आणि भिंग जास्त नंबरचं गेलं, म्हणून जवळचं सगळं दिसत होतं, लांबचं नाही. मला शरम वाटली, आणि त्याहून जास्त त्या दहा सारख्या आकड्यांचा राग आला. डॉक्टरांनी लांबचा चष्मा लिहून दिला. रानात घामाने तो नाकावर ठरणार नाही, हे आबांनी लावून बघतानाच सांगून टाकलं.

दुसरा डोळाही पिकलेलाच, म्हणजे पुन्हा कांडीच. चूक माझी होती, माझा हात जड पडला, हे मी आबांना सांगितलं. या डोळ्यासाठी जळगावहून कोणी जाणता माणूस बोलावू, असंही मी म्हणाले. आबा आपणहून माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले आणि हनुवटी वर केली.

“तू मना या डोयावर शिकनी, ताई. आते हाऊ बी तूच मोज.”

मी कपाटातून वाटी काढली.