फाटकाजवळची परिचारिका

मुलांनो, वेलचेरीला आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते. तिच्यातल्या परिचारिकेचं नाव मी कधी विचारलं नाही. ती मला 'पाट्टी' म्हणते, म्हणजे तमिळमध्ये आजी, आणि तेवढं आम्हाला पुरतं.

गेल्या पुरात पाण्यातून आणलेलं एक बाळ तिच्या हातात दगावलं. त्यानंतर तिला गाडीत चढवेना. समुपदेशक बाई येऊन तिच्याशी बोलत. सहकाऱ्यांची आपली एक पद्धत होती: फेरी संपली की सगळ्यांनी मिळून गाडी धुवायची आणि धुता धुता मनातलं बोलायचं. तिलाही ते बोलावत. आधी ती नुसत्या काचा पुसायची. मग एकदा बाळाबद्दल बोलली आणि मोठ्यानं रडली. कुणी तिला थांबवलं नाही. हळूहळू ती आतलं पुसायलाही चढू लागली.

"घाबरू नकोस, गाडी चावत नाही," ड्रायव्हर म्हणायचा.

"गाडी नाही, अण्णा, तुमचं चालवणं चावतं!"

काल एका आजोबांसाठी तातडीचा फोन आला तेव्हा ती आतच होती.

"उतरतेस?" त्याने हळूच विचारलं.

तिने हातमोजे चढवले. "भीती वाटतेय, अण्णा. वाटू दे. चला."

दुपारी गाडी परतली. "पाट्टी, आजोबा वाचले!" ती लांबूनच ओरडली. मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. तुमच्या आईला खरं वाटणार नाही.