पार्योनोचं इंगिह

पार्योनोला कुणी बांधून ठेवलं नव्हतं हो. दुकानाला तर दारच नव्हतं, नुसते चार खांब आणि वर पत्रा. तरी दोन वर्षांत गॅस वेल्डिंग शिकून परत जातो म्हणून आलेला हा बाबा नवव्या वर्षीही तिथेच उकिडवा बसलेला. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते. माणूस पोलाद सांधतो, पण स्वतःच्या जिभेपुढे हात टेकतो.

दुकान साखर कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर, पाक दार्सोनोंचं. पाक म्हणजे बाबा, अख्खा गाव त्यांना तसंच म्हणे. तुटकं पोलाद जोडण्यात अख्ख्या जावा बेटाच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पहिले सहा महिने त्यांनी पार्योनोला नुसती ज्योत बघायला लावली. ऑक्सिजन जास्त झाला की ज्योत फुसफुसते आणि पोलाद जळतं. कमी पडला की ती पिसाऱ्यासारखी पसरते आणि सांधा ठिसूळ होतो. "डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, कानाने ऐक," असं ते म्हणायचे. पुढे त्यांचे डोळेच गेले. मग कान त्यांचे आणि हात पार्योनोचे, असं दुकान चालू लागलं.

आणि इथेच घोडं अडलं. आमच्याकडे 'हो' म्हणायला दोन शब्द आहेत, बरोबरीच्याला किंवा धाकट्याला 'यो' आणि थोरांना 'इंगिह'. पण इंगिह म्हणजे हो असतंच असं नाही. तुमचं ऐकलं, एवढंच. थोरांच्या तोंडावर नाही म्हणायची आमची रीत नाही, म्हणून नाहीसुद्धा त्याच शब्दाच्या पोटात लपवतो आम्ही. पाक म्हणत, यंदाचं गाळप संपू दे, मग जा. पार्योनो म्हणे, इंगिह. पाक म्हणत, माझ्यामागे हे दुकान तूच बघायचंस. पार्योनो म्हणे, इंगिह. मनात नाही, नाही आणि ओठांवर इंगिह. म्हाताऱ्याला खरं कळत नव्हतं असं थोडंच आहे!

डोंगरातल्या गावी बायको वार्तिनी आणि सहा वर्षांची मुलगी, रात्री नावाची. बाप दिसायचा तो फक्त ईदला. मागच्या ईदला पोर आईच्या मागे लपली आणि त्याला काका म्हणाली. ते त्याच्या काळजात रुतून बसलं. आता वार्तिनीने पुलाजवळ दुकानासाठी एक शेड बघून ठेवली होती. मालक रविवारपर्यंत थांबणार होता, नंतर ती दुसऱ्याला जाणार होती. आमच्याकडे बायका नवऱ्याला मास म्हणतात. फोनवर ती एवढंच म्हणाली, "मास, या वेळी नाही आलात, तर पोरीला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

निरोप न मागता निघून जावं, तर गुरूच्या आशीर्वादावाचून ज्योत नीट लागत नाही, असं मानणारा तो. शनिवारी सकाळी पिशवी बांधून त्याने खांबाला टेकवली, तोच कारखान्यातून तुटलेला दांडा आला. हातभर लांब, मनगटाएवढा जाड. हे शेवटचं, असं म्हणून तो बसला. दोन्ही टोकं घासून उतरती केली, काळा चष्मा लावला, पोलाद पाण्यासारखं लकाकू लागल्यावर थेंब थेंब तार सोडली आणि दांडा हळूहळू निवावा म्हणून भाताच्या तुसाच्या राखेत पुरला. मग सांधा घासून साफ केला. इतका बेमालूम सांधा त्याच्या हातून कधी उतरला नव्हता.

पाकनी दांड्यावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"सांधा कुठाय रे?"

"तुमच्या बोटाखालीच आहे, पाक."

म्हातारा हसला. आणि पार्योनोने डोळे मिटून, नऊ वर्षं घशात अडकलेलं ओकून टाकलं. "पाक, मला निरोप द्या. आज दोनच्या बसने पोरीकडे जातो. परत येणार नाही."

 म्हाताऱ्याने दांडा खाली ठेवला, मान खाली घातली आणि तो अगदी हळू म्हणाला, "इंगिह."

नऊ वर्षांत पाकनी त्याला 'यो'खेरीज काही म्हटलं नव्हतं. आज गुरूने चेल्याला थोर केलं, आणि नाहीही म्हटलं, एकाच शब्दात. रागावले असते तर पार्योनो तडक निघाला असता. पण वाकलेल्या मानेवरून पाय टाकून जायचं कसं? तो निरोप नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? आयुष्यभर तोच शब्द तर तो वापरत आला होता.

दोनची बस कोपऱ्यावर भोंगा वाजवून गेली. पिशवी खांबालाच टेकलेली होती. थोड्या वेळाने वार्तिनीचा फोन आला. मागे पोरीचा आवाज येत होता, बाबा कधी येणार म्हणून विचारत होती.

"मास, निघालात ना?"

पार्योनोने तोंड उघडलं.

"इंगिह," तो म्हणाला.

बायकोला तो जन्मात कधी इंगिह म्हणाला नव्हता. तीही जावाचीच. तिने पुढे काही विचारलं नाही.