सज्जा पाडण्याआधी फोडलेला नारळ

त्या दुपारचा ढिगारा मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. निवृत्ती तोंडावर आली होती. ठाण्यात जेवणाचा डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात बीटच्या हवालदाराचा फोन आला. जुन्या बाजारातल्या दुमजली इमारतीचा सज्जा कोसळला होता. डबा तसाच झाकला आणि निघालो.

आमच्या शहरात तटाच्या जुन्या दरवाजांच्या आसपास अशा इमारती अजून उभ्या आहेत. या इमारतीला रस्त्यावर पुढं आलेला कोरीव सागवानी सज्जा होता. येणारे-जाणारे मान वर करून बघायचे. अशा इमारतीच्या दर्शनी भागात काही बदल करायचा तर जुन्या वास्तू जपणाऱ्या एका समितीची परवानगी लागते. अर्ज करायचा, समिती जागा बघायला येते, सुनावणी होते, मग होकार किंवा नकार. मालकाला तो सज्जा काढून पुढून सगळी काच लावायची होती. समितीनं दोनदा नकार दिला होता, तिसरा अर्ज पडून होता. तोवर मालकानं डागडुजीच्या नावाखाली बांबूची परांची बांधली आणि वरून हिरवी जाळी सोडली. जाळीच्या आत काय चाललंय, हे बघायला समितीतला एकही माणूस आला नाही.

सज्जाच्या बरोबर खाली शिवणकामाचं दुकान होतं. दुकान चालवणाऱ्या बाई मुकुंदवाडीहून यायच्या, ब्लाउज शिवायच्या, फॉल-पिको करायच्या. सज्जा पडला तेव्हा त्या समोरच्या गल्लीत गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. शिलाई मशीनवर अख्खी तुळई पडली होती. मशीनचं चाक वाकलं होतं आणि सुईखाली कुणाच्या तरी लग्नाचा ब्लाउज अडकून होता. बाई रडत नव्हत्या. त्या ब्लाउजवरची धूळ झटकत होत्या.

मालक गाडीतून उतरला तोच बोलत. "साहेब, लाकूड कुजलेलं. काम तर बंदच होतं, आपोआप पडलं. मी तर समितीला कधीपासून सांगतोय. आता अख्खी इमारत धोकादायक जाहीर होऊ द्या, सगळ्यांना बाहेर काढा, उगाच कुणाचा जीव जायला नको."

जिवाची काळजी त्याला सज्जा पडल्यावर सुचली होती. सज्जा आपोआप पडला असं एकदा कागदावर आलं, की इमारत धोकादायक ठरणार, भाडेकरू रस्त्यावर येणार आणि बाईंचं दुकान कायमचं जाणार, हे तिथं उभ्या असलेल्या शेंगदाणेवाल्यालाही कळत होतं.

पंचनामा केला आणि बाईंना जबाबासाठी ठाण्यात आणलं. त्यांचा राग तिथं बाहेर पडला.

"साहेब, मागं मी शटरला निळा रंग दिला तर समितीची नोटीस आली. म्हणे इमारतीची शोभा जाती. पदरमोड करून पुन्हा तपकिरी केला. अन् यांनी अख्खा सज्जा आडवा केला तर तो आपोआप पडला व्हय?"

"बाई, पाडताना तुम्ही पाहिलं का?"

"नाय. जाळीच्या आत काय दिसतंय?"

मी त्यांना सकाळपासूनचं सांगायला लावलं. साक्षीदाराला 'महत्त्वाचं तेवढं सांगा' म्हणू नये, हे मी प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. महत्त्वाचं काय, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

बाई सांगू लागल्या. सिटी बसनं आले, कुलूप काढलं, मालकाच्या मुकादमानं खोबरं-साखर हातावर ठेवली ती तोंडात टाकली, मशीन पुसली. रायटर हवालदार खोबरं वगळून पुढं लिहायला लागला.

"थांब," मी म्हणालो. "बाई, खोबरं कशाचं?"

"नारळ फोडला होता ना त्यांनी परांचीपाशी. सगळ्या दुकानांत वाटलं."

दारात उभा असलेला आमचा बीटचा हवालदार खाली बघत म्हणाला, "मलाही दिलं होतं, साहेब."

माझं डोकंच फिरलं. काम बंद आहे असं मालक म्हणतो, नारळ फुटल्याचा प्रसाद आमचाच माणूस खातो, आणि कशाचा म्हणून विचारत नाही! उरलेला दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही.

मुकादम करमाड गावचा. पन्नाशीचा, कपाळाला बुक्का, बोलायला गरीब. त्याला समोर बसवून चहा दिला. हात उगारल्यावर माणूस बोलतो ते बहुतेक वेळा आपल्याला हवं ते बोलतो, खरं नव्हे. म्हणून मी घाई केली नाही. त्याचं एकच पालुपद होतं. समितीची परवानगी येईपर्यंत काम बंद होतं, आपण नुसतं सामान राखायला होतो.

"देवाधर्माचं करता ना, मुकादम?"

"व्हय साहेब. लई."

"मग बंद कामाला नारळ कशाला फोडला?"

त्यानं कप खाली ठेवला. मालकानं त्याला शनिवारच्या मारुतीचा नारळ होता असं सांगायला पढवलं असणार, कारण तो तेच पुटपुटला.

"मारुतीचा नारळ मारुतीपुढं फोडतात. तुम्ही परांचीपुढं फोडला."

मग तो म्हणाला, "शेठ म्हणले व्हते, नारळबिरळ नको, गाजावाजा व्हतो. पण साहेब, नारळ फोडल्याबिगर मी कुठल्याच वास्तूला पहार लावली नाय. बांधायचं असू द्या का पाडायचं. अन् एवढं जुनं काम ते. कुणी केलं आसंल, किती दिस बसून केलं आसंल. वास्तूची माफी मागितल्याबिगर हात उचलंना. अन् फोडला नारळ एकट्यानं खावा कसा?"

मग शेठनं काय करायला लावलं, ते त्यानं सगळं सांगितलं. मला त्याचा राग यायला हवा होता, आलाही. खाली बाई मशीन चालवत असताना यांनी वरच्या तुळया करवतीनं कापत आणल्या होत्या. वास्तूची माफी मागितली, बाईंना साधं 'बाजूला व्हा' म्हटलं नाही. पण तुळया कापायला लावणारा तर नारळाचंही भान न ठेवता गाडीत एसी लावून बसला होता.

पोलिसांपुढच्या कबुलीवर कोर्टात काही ठरत नाही. म्हणून दोन पंच घेऊन मुकादमाबरोबर करमाडला गेलो. त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून त्यानंच शेठच्या सांगण्यावरून लपवलेली तुळयांची कापलेली टोकं काढून दिली. करवतीच्या ताज्या खुणा होत्या आणि आतलं लाकूड पिवळंधमक होतं. कीड सोडाच, साधा डागही नव्हता. टोकं सील केली, मालकाला अटक झाली. जामिनावर तो लगेच सुटला. दोषारोपपत्र मात्र आम्ही पक्कं दिलं, इमारत धोकादायक ठरली नाही आणि बाईंचं दुकान राहिलं.

त्यानंतरचं मला जास्त झोंबतं. समितीनं मालकाला सज्जा होता तसा पुन्हा बांधायला सांगितलं. मालक सुनावणीला कधी वकील पाठवतो, कधी आजारपणाचा दाखला. समिती पुढची तारीख देते. मी रिटायर झालो, खटला चालूच आहे, आणि इमारतीच्या तोंडावर बोडकी भिंत आहे.

उन्हाळ्यात बाई माझ्या घरी आल्या. सज्जा गेल्यानं दुकानावर दिवसभर ऊन येत होतं, म्हणून त्यांनी समोर ताडपत्री बांधली होती. तर समितीची नोटीस आली. विनापरवानगी दर्शनी भागात बदल केला, ताडपत्री काढा. सज्जा पाडणाऱ्याला तारखा आणि ताडपत्री बांधणारीला मुदत! मी चपला घातल्या आणि सुनावणीला त्यांच्याबरोबर गेलो.

टेबलापलीकडच्या सदस्यानं चष्म्यावरून बघून विचारलं, "परवानगी घेतली होती का?"

मी बोलणार होतो. बाईंनी मला हातानं थांबवलं.

"साहेब, तिथं सावली व्हती. ती कापून नेली. तुमी ती जागेवर लावा, मी ताडपत्री त्याच दिवशी काढते."

सदस्यानं पुढची तारीख दिली.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. कायदा मोडणाऱ्यांचा मला तेवढा राग येत नाही, जेवढा कायदा फक्त हाताला लागणाऱ्यालाच लावणाऱ्यांचा येतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं. ताडपत्री अजून तिथंच आहे. काढायला कुणी आलं तर आधी मला फोन करा, असं मी बाईंना सांगून ठेवलं आहे.