भोंग्यानंतरचे वीस सेकंद

गेल्या मंगळवारची गोष्ट. लातूरच्या आमच्या दालमिलमध्ये सकाळी पाऊल टाकलं आणि गणपतमामा मला थेट विजेच्या पॅनलपाशी घेऊन गेले... आत एक छोटा लाल दिवा लागला होता. गणपतमामा म्हणजे आमचे मिस्त्री, मिल उभी राहिली तेव्हापासूनचे.

ते पॅनल आमच्या ह्यांनी स्वतः उभं केलं होतं. कुठली मोटर आधी, कुठली नंतर, हे ठरवणारा वीतभर लांबीचा एक परदेशी कंट्रोलर त्यात आहे. त्याचा प्रोग्रॅमही ह्यांनीच लिहिला. ह्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील.

मी नांदेडला अश्विनीला फोन लावला. ती मूळची हदगावची, पॅनलची कामं करते. तिला लाल दिव्याचा फोटो पाठवला. तो पाहून म्हणाली, "काकू, कंट्रोलरची बॅटरी संपलीये. वीज गेली की आतला प्रोग्रॅम पुसला जाईल. बाहेर कॉपी असेल ना?"

कॉपी होती... ह्यांच्या लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप मी फॉरमॅट करून, आमच्याकडे खोली घेऊन राहणाऱ्या क्लासच्या मुलीला देऊन टाकला होता. चांगल्या कामाला लागला, असं सगळ्यांना कौतुकाने सांगतही होते.

त्यातच बुधवारी दहा ते चार लाईट बंद, असा मेसेज आलेला. यूपीएस जेमतेम अर्धा तास तग धरतो, आणि नवी बॅटरी पुण्याहून यायला दोन-तीन दिवस. प्रोग्रॅम गेला तर ऐन तुरीच्या मोसमात मिल बंद... आणि ह्यांच्या हातचं शेवटचं कामही गेलं.

अश्विनी दुपारी एसटीने आली, एक जुना लॅपटॉप आणि पिशवीभर केबल घेऊन. पहिल्या दोन केबल बसल्याच नाहीत. तिसरी बसली, पण कॉम्प्युटर कंट्रोलरला ओळखेना. "हे मॉडेल मी कधी हातातच धरलं नाही काकू," ती म्हणाली.

मॅन्युअल मोबाईलवर मिळालं, पण इंग्रजी फार जुन्या वळणाचं. मग मी चष्मा लावून शेजारी बसले आणि मोठ्याने वाचत गेले... कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर उभं करून वाचायला लावायच्या, तसं.

गणपतमामांना धीर निघेना. "कवाधरनं नुस्तं वाचूनच राहिलाव! एकदा बंद करून चालू करा की. आमच्या टीव्हीला बी त्येच लागतं." असं म्हणत त्यांनी मेन स्विचकडे हात नेला.

"मामा, हात मागं!" अश्विनी एवढ्या मोठ्याने ओरडली की तो हात तसाच हवेत राहिला. बंद करून चालू करणं हा आमच्याकडचा पहिला इलाज... त्या दिवशी तो सगळं घेऊन गेला असता.

संध्याकाळच्या आत एकदाचं जुळलं. आता स्क्रीन विचारत होती, कुठून कुठे? उलटी दिशा निवडली तर लॅपटॉपमधली रिकामी फाईल कंट्रोलरमध्ये जाणार आणि आतलं सगळं संपणार. अश्विनीने माऊसवरचा हात काढून घेतला. "तुम्ही पण वाचा एकदा."

मी दोनदा वाचलं. कंट्रोलरमधून कॉम्प्युटरमध्ये... "बरोबर आहे," म्हणाले. "दाबू?" तिने विचारलं. मी आणखी एकदा वाचलं, मग हो म्हटलं.

हिरवी पट्टी हळूहळू पूर्ण झाली. ह्यांचा प्रोग्रॅम समोर आला, पण त्यात नुसत्या रेघा आणि आकडे. ह्यांनी दिलेली नावं, लिहिलेल्या टिपा, कुठेच काही नाही. "ते कंट्रोलरमध्ये जात नाही काकू, लॅपटॉपमध्येच राहतं," अश्विनी हळूच म्हणाली.

म्हणजे तेवढं मी माझ्या हातानं पुसलं होतं.

मग ती मामांना विचारून एकेका ओळीला नाव देऊ लागली. एका जागी थांबली. "भोंगा वाजल्यावर एलिव्हेटर वीस सेकंद थांबून मग सुरू होतो. पाच पुष्कळ झाले. कमी करू का?"

"हात लावायचा न्हाई!" मामा एकदम म्हणाले. "ते कोंडाबाईसाठी हाय."

मशीन थांबली की झाडलोटीची कोंडाबाई डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या खड्ड्यात उतरून सांडलेली डाळ झाडून काढते. तिला ऐकू कमी येतं, गुडघेही धरलेले. भोंगा झाला की वर उभी असलेली बाई वाकून तिच्या खांद्याला हात लावते, मग ती उठते. "सायबानं घड्याळ धरून चार बाऱ्या खाली-वर करायला लावलं तिला," मामा सांगत होते. "लई कावली. म्हणली, सायबाला दुसरं काम न्हाई का?" ते हसले... आणि मग पॅनलकडे तोंड करून उभे राहिले.

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. हे घरी फार बोलत नसत, आणि ते न बोलणं मी वर्षानुवर्षं मनाला लावून घेतलं होतं.

"ह्या ओळीला काय नाव देऊ?" अश्विनीने विचारलं. "कोंडाबाई," मी म्हटलं. त्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नाही, तिने इंग्रजी अक्षरांत टाईप केलं.

बुधवारी दहाला लाईट गेली, साडेदहाला यूपीएसनेही मान टाकली. चारला लाईट आली तेव्हा कंट्रोलर कोरा होता. माझ्याकडे मुक्कामाला राहिलेल्या अश्विनीने प्रोग्रॅम परत आत घातला आणि बटण दाबलं.

भोंगा वाजला. मी मुद्दाम खड्ड्यापाशी घड्याळ घेऊन उभी होते. कोंडाबाईच्या खांद्याला हात लागला. तिने झाडू बाजूला ठेवला, भिंतीला धरलं, एक पाय वर, मग दुसरा... वर येऊन पदर नीट केला आणि मला म्हणाली, "काय बघून राहिल्या बाईसाहेब? यिऊनच राहिले की!"

तिला एकोणीस सेकंद लागले. तिच्या पाठीमागे एलिव्हेटर लगेच सुरू झाला.

ह्यांनी मोजलं तेव्हा तिचे गुडघे बरे असणार. मी आत गेले आणि अश्विनीला म्हटलं, तीस कर... ह्यांच्या प्रोग्रॅममध्ये मी केलेला हा एवढाच बदल. हे असते तर त्यांनी माझ्या आधीच केला असता.