गुडगुडणारा जग

लोक हल्ली आमच्या दुकानात गुडगुडणारा जगच मागतात. पहिला कुणासाठी झाला, ते मी सांगते.

माझे सासरे तांबट. त्यांच्या हातचा जग ओतताना शेजारच्यालाही कळायचं नाही. जो आवाज करेल, तो ते हातोडीने चेपायचे. नवऱ्याने शिकताना असे किती चेपून घेतलेत, ते मला विचारा. लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्याचं फुगलेलं तोंड बघण्यातच गेलं. निर्दोष भांड्याच्या बुडाला ठोकायचा दुकानाचा पोलादी ठसा तर सासऱ्यांनी कधी कुणाच्या हाती दिलाच नाही.

सासूबाई गेल्या आणि म्हाताऱ्याने अंथरूण धरलं. पाणी पुढे केलं की, "तहान नाही." डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. मी गोड बोलले, रागावले, चमच्याने पाजून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग नवऱ्याने चार दिवस खपून एक जग ठोकला. लठ्ठ पक्षी बसावा तसा, पोट सुटलेला, मान मुद्दाम आवळलेली.

"अहो, बाबा हा तुमच्या डोक्यात घालतील," मी म्हटलं.

"घालू देत. त्यासाठी उठतील तरी."

सकाळी मी सासऱ्यांच्या उशाशी पेला भरला. गुड, गुड, गुडूक. म्हातारा ताडकन उठून बसला.

"कुठल्या गाढवाचं काम हे?"

"माझं," नवरा दारातून म्हणाला.

सासऱ्यांनी माझ्या हातातून जग हिसकावला. पण पुन्हा ओतून ऐकायचं तर पेला रिकामा हवा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घटाघटा पिऊन टाकला. पुन्हा ओतलं, कान लावला, पुन्हा प्यायले. खोट शोधता शोधता दुपारपर्यंत अख्खा जग संपला. मी तोंड दाबून हसत होते, आणि डोळे मात्र वाहत होते.

संध्याकाळी त्यांनी लेकाला हाक मारली.

"मान कुठे आवळलीस ते सापडलं. पण दर वेळी तीनच गुडगुड्या, एक कमी नाही की जास्त नाही. असं चुकून होत नाही रे. मला नसतं जमलं."

ऐकून माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. नवरा खाली मान घालून उभा होता. सासऱ्यांनी गादीखालून ठसा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"ठोक बुडाला. मग भरून आण. तहान लागलीय."